संगणक थंड ठेवा, आवाज कमी करा : शाळेतल्या आणि घरातल्या डेस्कटॉपची काळजी



"सर, कॉम्प्युटर गरम होऊन राहिला जी, अन् मधातच बंद पडते." एप्रिल-मे उजाडला की आपल्या कोहमारा परिसरात हे वाक्य हमखास कानावर येतं. नेमक्या त्याच दिवसांत निकालपत्रकं तयार करायची असतात, ऑनलाइन माहिती भरायची असते, घरी मोठ्या मुलांचे प्रवेशाचे अर्ज असतात. अर्धा फॉर्म भरून होतो आणि पडदा काळा! मग कुणी म्हणतं, "मशीन जुनी झाली." तिच्यावर कापड पडतं आणि ती कोपऱ्यात जाते. मुलांच्या वाट्याला आलेला एकुलता एक संगणक असा निवृत्त होतो.

खरं तर यातले बरेच संगणक बिघडलेले नसतात. त्यांचा श्वास कोंडलेला असतो. एक छोटा ब्रश, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि तासाभराचा वेळ एवढ्यात त्यातले कित्येक पुन्हा कामाला लागतात. आजच्या लेखात आपण डेस्कटॉप का तापतो, आवाज का करतो आणि आपल्याकडच्या हवामानात त्याची काळजी कशी घ्यायची हे बघू. शेवटी वर्गात करता येतील असे तीन उपक्रमही दिले आहेत.

उष्णता येते कुठून?

संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. साधं टायपिंगचं काम करणारा डेस्कटॉप मॉनिटर सोडून साधारण ४० ते १०० वॅट वीज घेतो. म्हणजे खोलीत एक जुना पिवळा बल्ब सतत जळतोय असं समजा.

मग एवढ्याशा उष्णतेचा त्रास का? कारण ती फार छोट्या जागेत तयार होते. प्रोसेसरच्या आतली सिलिकॉनची चकती अंगठ्याच्या नखाएवढी असते. गणित करून बघा. ७५० वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटीमीटर धरला, तर दर चौरस सेंटीमीटरला पावणेचार वॅट येतात. ६५ वॅटचा प्रोसेसर दीड चौरस सेंटीमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटीमीटरला ४३ वॅट! म्हणजे इस्त्रीच्या दहापटींहून जास्त. फक्त इस्त्री तापण्यासाठी बनवली आहे आणि प्रोसेसरला तापलेलं चालत नाही.

ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळी म्हणजे तापणारा एक छोटा दिवाच. आजही मोठ्या यंत्रांत हीच झुंज चालू आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकात तर प्रोसेसरची उष्णता पंख्याऐवजी थेट द्रव फिरवून काढून घेतली जाते. आपल्या टेबलावरच्या संगणकात मात्र हे काम हवेलाच करावं लागतं.

पंखा संगणकाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही

या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नीट समजून घेऊ.

आपण पंख्याखाली बसलो की गार वाटतं, कारण घाम उडून जातो आणि बाष्पीभवनाने कातडी थंड होते. माठातलं पाणी गार होतं तेही असंच. पण संगणकाला घाम येत नाही! पंखा त्याच्यासाठी एकच काम करतो : गरम हवा बाजूला सारतो आणि तिच्या जागी खोलीतली हवा आणतो. ती हवाच ४२ अंशांची असेल, तर प्रोसेसर ४२ च्या खाली जाणं शक्यच नाही.

म्हणून असं सूत्र लक्षात ठेवा :

प्रोसेसरचं तापमान = खोलीचं तापमान + संगणकाची स्वतःची वाढ

समजा, एक स्वच्छ संगणक काम करताना खोलीपेक्षा ४० अंशांनी जास्त तापतो. डिसेंबरमध्ये खोली २० अंश, तर प्रोसेसर ६० वर. मे महिन्यात टिनाच्या छताखालची खोली ४२ अंश, तर प्रोसेसर ८२ वर. जास्त आहे, पण चालतं.

आता त्याच संगणकात दोन वर्षांची धूळ साचली आणि वाढ ४० ऐवजी ५५ झाली. डिसेंबरमध्ये तो ७५ वर चालेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. मे महिन्यात मात्र ४२ अधिक ५५, म्हणजे ९७! बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या आसपास असते. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. आपल्याला वाटतं, "कॉम्प्युटर स्लो झाला." तरीही तापमान वाढत राहिलं, तर स्वतःला वाचवण्यासाठी तो बंद पडतो.

यातून काय कळतं? आजार हिवाळ्यातच सुरू झालेला असतो, उन्हाळा तो फक्त उघडा पाडतो. ऊन आपल्या हातात नाही, पण धुळीने वाढलेले ते १५ अंश पूर्णपणे आपल्या हातात आहेत.

उष्णतेचा परिणाम फक्त त्या दिवसापुरता नसतो. मदरबोर्डवर आणि पॉवर सप्लायमध्ये छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. यूपीएसच्या बॅटरीचंही तसंच. उन्हाळ्यानंतर यूपीएस दोन मिनिटंही टिकत नाही, त्यामागे हेच कारण असू शकतं.

उष्णतेचा प्रवास कसा होतो?

वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन प्रकार आपण उच्च प्राथमिकच्या विज्ञानात शिकवतो. त्यातले पहिले दोन संगणकाच्या पेटीत रोज काम करतात.

१. प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूच्या ठोकळ्यात जाते. हे वहन. या ठोकळ्याला हीटसिंक म्हणतात. तो ॲल्युमिनिअमचा, कधी तांब्याचा असतो.

२. प्रोसेसर आणि हीटसिंक कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात. फटीत हवा असते आणि हवा उष्णतेची मंदवाहक. म्हणून मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर देतात.

३. हीटसिंकला पातळ पात्या असतात. पात्यांमुळे हवेला लागणारं क्षेत्रफळ वाढतं. पंखा त्यांतून हवा ढकलतो. हे अभिसरण, पण पंख्याच्या जोराने केलेलं.

४. शेवटी गरम हवा कॅबिनेटच्या मागून बाहेर पडते आणि पुढून ताजी हवा आत येते.

या चारपैकी एक जरी जागा अडली तरी पुढचं सगळं अडतं. पात्यांमध्ये धुळीचा थर बसला की पंखा जोरात फिरतो, पण हवा आरपार जात नाही. म्हणूनच गरम होणारा संगणक आणि आवाज करणारा संगणक बहुतेक वेळा एकच असतो.

आपल्या भागातली धूळ

कोहमारा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचा चौक. इथूनच गोंदियाचा रस्ता फुटतो. रात्रंदिवस ट्रक जातात, त्यामुळे रस्त्यालगतच्या घरांत आणि दुकानांत बारीक धूळ बसतच राहते. त्यात हा धानाचा पट्टा. कापणी-मळणीच्या दिवसांत तणसाचा बारीक भुसा हवेत असतो. जवळपास राइस मिल असेल तर कोंडाही. हा भुसा मातीसारखा झटकून निघत नाही. तो पात्यांमध्ये अडकतो आणि त्यावर धूळ बसून नमद्यासारखा थर तयार होतो.

शिवाय आपले पाहुणे आहेतच! कॅबिनेटच्या मागे एखादी पट्टी निघालेली असली की पाल, उंदीर, मुंग्या आत जातात. कुंभारीण माशी तर हवेच्या भोकांत मातीचं घर बांधून मोकळी होते. उघडी राहिलेली मागची फट बारीक जाळी लावून बंद करा.

आधी जागा बदला, खर्च शून्य

काहीही उघडण्याआधी संगणक कुठे ठेवला आहे ते बघा.

• कॅबिनेटच्या मागे भिंतीपासून निदान १५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर जागा सोडा.

• टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवला असेल तर बाहेर काढा. तिथे तो आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढतो.

• जमिनीवर ठेवू नका. झाडताना उडालेली सगळी धूळ आत जाते. छोट्या स्टुलावर किंवा दोन विटांवर फळी टाकून ठेवा.

• पश्चिमेच्या खिडकीजवळ किंवा तापणाऱ्या टिनाच्या भिंतीला चिकटून ठेवू नका.

• कव्हर, टेबलक्लॉथ, हार, फाइलींचा गठ्ठा यांपैकी काहीही चालू संगणकावर नको. बंद केल्यानंतरही तो जरा निवला की मगच झाका.

बरेच जण विचारतात, "बाजूचं झाकण काढूनच ठेवलं तर?" ऐकायला बरोबर वाटतं. पण झाकण असताना हवा पुढून मागे एका वाटेने जाते. झाकण काढलं की ती वाट मोडते, धूळ दुप्पट जाते आणि लहान मुलाचं बोट थेट फिरत्या पंख्यापर्यंत पोहोचतं. अगदी अडलं तर मोठ्या माणसाच्या देखरेखीत तेवढ्यापुरतं काढा, सवय करू नका.

साफसफाई : पायरी पायरीने

साहित्य : चौकोनी फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, एक इंची नवा कोरडा पेंटचा ब्रश, जुनी पेन्सिल, तोंडाला रुमाल. हाताने चालवायचा किंवा विजेचा छोटा ब्लोअर मिळाला तर उत्तम.

१. संगणक रीतसर शटडाऊन करा. मागचं बटण बंद करून वायर बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

२. वायर काढल्यावर चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा. आत उरलेला विजेचा भार निघून जातो.

३. कुठली वायर कुठे होती त्याचा मोबाइलवर फोटो काढा. परत लावताना डोकं खाजवावं लागत नाही.

४. कॅबिनेट व्हरांड्यात न्या. पुढून बघताना डाव्या हाताचं झाकण बहुधा मागच्या दोन स्क्रूंवर असतं. ते काढून झाकण मागे सरकवा.

५. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. अंगावरची स्थिर वीज त्यात उतरते. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत तर हे विसरूच नका.

६. ब्रशने वरून खाली धूळ सोडवा. हीटसिंकच्या पात्यांवर जास्त वेळ द्या, कारण खरा अडथळा तिथेच असतो.

७. ब्लोअर मारताना पंख्याची पाती पेन्सिलने अडवून धरा. हवेच्या झोताने पंखा भन्नाट वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. ब्लोअर वीतभर लांब ठेवा.

८. पुढची जाळी निघत असेल तर काढून पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

९. झाकण लावा, वायर जोडा, चालू करा. पंखा फिरतोय का ते बघा.

आता काही 'नको'. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका. त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो आणि दाबही फार जास्त असतो. ओलं फडकं आत नको. आणि पॉवर सप्लायची, म्हणजे एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका. वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज राहू शकते. त्याची धूळ बाहेरच्या जाळीतून ब्रशने निघेल तेवढीच काढा.

मुलांना हे सगळं दाखवा. विलग केलेला पंखा आणि हीटसिंक हातात द्या. वायर काढणं आणि जोडणं मात्र मोठ्यांनीच करायचं.

साफ केला, तरी तापतोच?

मग दोन गोष्टी तपासा.

पहिली, हीटसिंक घट्ट बसला आहे का? बऱ्याच जुन्या संगणकांत तो चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर दाबून बसवलेला असतो. ने-आण करताना त्यातली एखादी निसटते. हीटसिंक एका कोपऱ्यात उचलला जातो आणि संगणक पाच मिनिटांत बंद पडतो. वायर काढून चारही खुंट्या बघा.

दुसरी, थर्मल पेस्ट. चार-पाच वर्षांत ती वाळून खडूसारखी होऊ शकते. हीटसिंक काढून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा. नवी पेस्ट मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी ठेवा आणि हीटसिंक सरळ दाबून बसवा. ती आपोआप पसरते. जास्त लावली तर जास्त थंड होईल असं नाही. फटी भरण्यापुरतीच ती हवी, कारण धातूच्या मानाने पेस्ट बरीच कमी उष्णता वाहून नेते. आणि टूथपेस्ट लावायचा जुगाड करू नका. ती काही दिवसांत वाळते आणि पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. हात बसलेला नसेल तर हे काम तालुक्याच्या दुकानातून करून घ्या, पण समोर उभं राहून बघा.

आता आवाजाकडे वळू

"आवाज तर होणारच, मशीन आहे," असं आपण म्हणतो. पण वर्गात हा प्रश्न साधा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, तास चालू असताना वर्गातला मागचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर नसावा. महामार्गाजवळच्या शाळेत छताचा पंखा फिरत असताना आपण ही पातळी आधीच ओलांडलेली असते. त्यात संगणकाची घरघर. पहिली-दुसरीची मुलं त्याच संगणकावर कविता ऐकतात, 'त' आणि 'थ', 'स' आणि 'श' यांतला फरक कानाने शिकतात. हे फरक अगदी बारीक आवाजांचे असतात आणि घरघरीत आधी तेच बुडतात. मागच्या रांगेतलं मूल चुकीचं ऐकतं, चुकीचं बोलतं आणि आपण म्हणतो, लक्ष देत नाही.

आवाजावरून दुखणं ओळखा :

• सतत मोठी घूं-घूं : पंखा पूर्ण वेगाने फिरतोय. धूळ साफ करा.

• चालू करताना कर्र-कर्र, नंतर कमी : पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलंय.

• थरथर, हात ठेवला की थांबते : झाकणाचा स्क्रू ढिला आहे. कॅबिनेटखाली जुन्या स्लीपरच्या रबराचे चार तुकडे ठेवा.

• फट्-फट् : एखादी वायर पात्याला लागतेय. वायर बांधून बाजूला करा.

• टक्-टक्, टक्-टक् असा ठरावीक लयीतला आवाज : हा हार्डडिस्कचा असू शकतो. इथे थांबा! साफसफाई नंतर. आधी मुलांच्या नोंदी, फोटो, निकाल सगळं पेनड्राइव्हवर काढून घ्या. अशी डिस्क कधीही कायमची बंद पडू शकते.

कोरड्या पंख्यात तेल घालायचं असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, तोही मधल्या स्टिकरखाली. हा तात्पुरता उपाय आहे, खरा उपाय नवा पंखा. खोबरेल तेल अजिबात नको. डिसेंबरमध्ये बाटलीतलं खोबरेल कसं गोठतं ते आपल्याला माहीत आहे. पंख्यातही ते घट्ट होणार आणि धूळ धरून ठेवणार.

पंख्याचं गणित

नवा पंखा घेताना हे गणित उपयोगी पडतं. ८० मिलिमीटर आणि १२० मिलिमीटर व्यासाच्या दोन पंख्यांची वर्तुळाकार क्षेत्रफळं काढा. त्रिज्या ४ आणि ६ सेंटीमीटर. वर्ग १६ आणि ३६. म्हणजे मोठ्याचं क्षेत्रफळ सव्वादोनपट. तेवढीच हवा ढकलायला मोठ्या पंख्याला हळू फिरलं तरी चालतं.

आणि हळू फिरण्याचा फायदा फार मोठा आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो. आता असे हळू फिरणारे दोन पंखे लावा. दुसऱ्या पंख्याने आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. हिशोब असा : हवा जवळजवळ पूर्वीएवढीच, आवाज १२ डेसिबल कमी. जोरात फिरणाऱ्या एका पंख्यापेक्षा हळू फिरणारे दोन बरे, ते यामुळे.

पंखा लावताना दिशा बघा. पुढचा आत हवा घेणारा, मागचा बाहेर टाकणारा. पंख्याच्या कडेवर बहुतेक वेळा बाण असतो. नसेल तर चालू पंख्यासमोर कागदाची पातळ पट्टी धरा, लगेच कळतं.

हार्डडिस्कचा आवाज आणि संगणकाची सुस्ती, दोन्हींवर एक उपाय म्हणजे एसएसडी. तिच्यात फिरणारा भागच नाही, त्यामुळे आवाज शून्य. जुन्या संगणकावर एकच खर्च करायचा असेल तर मी हाच सुचवेन.

पडद्यावरून करायची कामं

आधी तापमान बघायला शिका. संगणक चालू होताना बायोसमध्ये गेलात की हार्डवेअर मॉनिटर किंवा अशाच नावाच्या पानावर ते दिसतं. विंडोजमध्ये एचडब्ल्यू मॉनिटर किंवा कोअर टेंप हे मोफत प्रोग्राम चालतात. साधारण अंदाज असा :

• ७० अंशांपर्यंत : निर्धास्त राहा.

• ७० ते ८५ : उन्हाळ्यात काम करताना चालतं.

• ८५ च्या वर : साफसफाईची वेळ झाली.

• ९५ च्या वर : काम सेव्ह करा आणि बंद करा.

• हार्डडिस्क ५० च्या वर : तिच्याभोवती हवा फिरत नाही.

नंतर टास्क मॅनेजर उघडून बघा. काही न करताही प्रोसेसर ५०-६० टक्के कामात असेल तर आत काहीतरी चालू आहे : अँटिव्हायरसची तपासणी, अपडेट, उघडे राहिलेले वीस टॅब किंवा व्हायरस. विनाकारण काम थांबवलं की उष्णता आपोआप उतरते.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करून बघा. बहुतेक संगणकांत यामुळे प्रोसेसरची जास्तीची टर्बो धाव बंद होते. टायपिंग, व्हिडिओ, फॉर्म भरणं यांत फरक जाणवत नाही, पण तापमान चांगलंच खाली येतं. आणि पंखा सदा पूर्ण वेगाने फिरत असेल तर बायोसमध्ये स्मार्ट फॅनची सोय चालू आहे का ते बघा.

कूलर आणि पावसाळा

विदर्भात कूलरशिवाय मे महिना निघत नाही. कूलरने खोलीची हवा थंड होते, म्हणजे वरच्या सूत्रातला पहिला आकडाच उतरतो. संगणकाला त्याचा फायदाच आहे. पण झोत थेट कॅबिनेटवर नको, पाण्याचे तुषार उडतात. खिडकी-दार थोडं उघडं ठेवा, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. कूलरच्या पाण्याचे थेंब जिथे पडतात, तिथे खाली एक्स्टेंशन बोर्ड नको. कूलर आणि संगणक, दोघांचंही अर्थिंग तपासून घ्या.

जून-जुलैत हवा आधीच दमट असते. तेव्हा कूलर फारसा थंड करत नाही, उलट ओल वाढवतो. त्या दिवसांत साधा पंखा बरा. पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास चालवा. स्वतःच्या उबेने तो आतली ओल घालवतो.

वर्गात करून बघा

१. धुराची वाट : चालू कॅबिनेटच्या पुढे अगरबत्ती धरा. धूर आत ओढला जातो का? मागे बाहेर पडतो का? मुलांना आकृती काढून बाण दाखवायला सांगा. अगरबत्ती शिक्षकांनीच धरायची.

२. तापमानाचा आलेख : साफसफाईच्या आधी आणि नंतर, दर पाच मिनिटांनी अर्धा तास प्रोसेसरचं तापमान नोंदवा. दोन रेषा एकाच आलेखावर काढा. खोलीचं तापमानही लिहून ठेवा, नाहीतर तुलना खोटी ठरेल. हा मुद्दा मुलांकडूनच काढून घ्या.

३. आवाजाचं मोजमाप : मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने पंखा साफ करण्याआधी आणि नंतर एकाच अंतरावरून मोजा. आकडे तंतोतंत नसतात, पण फरक कळतो.

वर्षाचं वेळापत्रक

• मार्च : उन्हाळ्याआधीची पूर्ण साफसफाई. ही कधीच चुकवू नका.

• एप्रिल-मे : ऑनलाइन कामं सकाळच्या शाळेतच उरका. दुपारी दोन ते पाच संगणकाला विश्रांती.

• उन्हाळी सुट्टीआधी : वायर काढून, महत्त्वाच्या फाइलींची प्रत घेऊन ठेवा.

• शाळा उघडताना : पाल, मुंग्या, मातीची घरं तपासूनच वायर लावा.

• मळणी संपल्यावर : दुसरी साफसफाई.

• दर पंधरा दिवसांनी : पुढची जाळी झटकणं. हे काम सातवी-आठवीच्या दोन मुलांना वाटून द्या आणि वहीत तारीख लिहायला लावा.

पालकहो, घरासाठीही हेच वेळापत्रक चालतं. जुना संगणक विकत घेणार असाल तर दुकानात तो पाच मिनिटं नाही, अर्धा तास चालवून बघा. तापमान किती चढतं, पंखा कसा वाजतो हे ऐका, आणि मगच पैसे द्या.

शाळेतला संगणक मुलांच्या हाताने बिघडेल या भीतीने आपण तो कुलपात ठेवतो. पण मुलांच्या हातांपेक्षा धुळीने आणि उन्हाने बंद पडलेले संगणक कितीतरी जास्त आहेत. तेव्हा या मार्चमध्ये ब्रश मुलांच्याच हातात द्या. ज्याने पात्यांमधली धूळ स्वतः काढली आहे, तो त्यावर पुन्हा टेबलक्लॉथ पडू देत नाही.